नाझरांचे नारळ

रस्त्याने रिकाम्या हाताने चालणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर वसुलीला निघालेला असतो, असं आमचे घरमालक म्हणत. ते स्वतः दुसऱ्या वर्गातले. उभा जन्म त्यांनी अलिबागच्या कोर्टात नाझराची नोकरी केली होती. नाझर म्हणजे कोर्टाच्या हुकमाने जप्त्या आणि लिलाव करणारा अंमलदार. पेन्शन घेऊन ते गावच्या घरी येऊन राहिले, पण गावाच्या मनातला नाझर काही पेन्शनीत निघाला नव्हता. ते सहज म्हणून एखाद्या आळीत शिरले तरी बायका अंगणातली तांब्याची घंगाळं उचलून आत नेत. एकदा चपलेतला खडा काढायला ते एका घरासमोर थांबले, तर त्या घरच्या म्हाताऱ्याने गोठ्यातली म्हैस मागच्या मागे शेजाऱ्याकडे पाठवली. खडा काढून नाझर पुढे गेले. म्हैस मात्र चार दिवस शेजाऱ्याकडेच होती.

अशा माणसाला डॉक्टरांनी सांगितलं, रोज सकाळी चालत जा.

कारण झालं होतं मुंग्यांचं. नाझरांच्या मोरीत मुंग्यांची रांग लागू लागली होती आणि त्याचा अर्थ त्या काळी शेंबड्या पोरालाही कळत असे. साखरेचा विकार. डॉक्टरांनी भात तोडला, आमरस तोडला, आणि वर हा व्यायाम सांगितला. नाझरांचं पोट तेव्हा त्यांच्या आधी अर्धा हात दारातून बाहेर पडत असे.

"चालायला माझी ना नाही," ते डॉक्टरांना म्हणाले, "पण ते गावाला झेपणार नाही."

डॉक्टरही वस्ताद. ते म्हणाले, मग पोहा. तळ्याला कोणी जप्तीला घाबरत नाही.

हे सगळं मला माहीत असायचं कारण म्हणजे मी त्यांच्या ओटीलगतच्या खोलीत भाडेकरू होतो. गोष्ट एकोणीसशे तीसच्या आगेमागची. मी घाटावरचा. त्या गावच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो तेव्हा मुंबईहून आगबोटीने रेवसला उतरलो, आणि वाटेत जेवढं पाणी पाहिलं तेवढं आमच्या अख्ख्या तालुक्यात नव्हतं. त्यात हे गाव अष्टागरातलं. जिकडे तिकडे नारळी-पोफळीच्या वाड्या, प्रत्येक वाडीला विहीर, विहिरीवर कुरकुरणारा रहाट, आणि प्रत्येक देवळापुढे दगडी पायऱ्यांचं तळं. तिथली पोरं चालायला आणि पोहायला एकाच वर्षी शिकत असावीत.

नाझर त्याच मातीतले, पण त्यांना पोहता येत नव्हतं. त्यांच्या पत्रिकेत जलघात लिहिला होता. पाण्यात मृत्यू. त्यामुळे आईने त्यांना तळ्याची पायरी कधी उतरू दिली नाही. अलिबागेला असताना साध्या खाडीच्या होडीत बसायची वेळ आली तरी ते डोळे मिटून, जानवं मुठीत धरून बसत, असं त्यांनीच मला सांगितलं होतं.

आता त्या घराची रीत सांगायला हवी. खोली हवेशीर होती, आणि ती मला इतक्या आनंदाने का दिली ते दुसऱ्याच दिवशी कळलं. सकाळी माजघरातून काकूंचा, म्हणजे नाझरांच्या पत्नीचा, आवाज आला.

"मास्तर, बाहेर सांगा, आंघोळीचं पाणी निघालंय."

नाझर माझ्या शेजारीच बसले होते. त्यांना सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी ते माझ्याकडे बघत थांबले. मी म्हटलं, "आंघोळीचं पाणी निघालंय."

"आत सांगा, आलोच."

मी माजघराच्या दाराकडे तोंड करून म्हटलं, "आलोच म्हणतात." तेव्हा कुठे आत बादली हलली.

ती दोघं एकमेकांशी बोलत नसत. त्या घरात काकूंचं नाव "आत" होतं आणि नाझरांचं "बाहेर". माझ्या आधी त्या खोलीत एक तलाठी राहत असे, तो हे निरोपाचं काम करायचा. मधे खोली रिकामी पडली तेव्हा निरोप गाईमार्फत जात. गाय निरोप पोचवत नसे, पण ऐकून घेई, आणि दोघांनाही तेवढं पुरे. मी गाईच्या जागी लागलो होतो.

अबोल्याचं कारण मला देवळातल्या गुरवाने सांगितलं. गुरव काही सांगू लागला की हातातलं काम खाली ठेवत असे, त्यामुळे देवाची पूजा नेहमी उशिरा व्हायची.

"येकच लेक व्हती, मनू. लई गुनाची. नाझरांनी तिला वऱ्हाडात दिली. काकू नको म्हनत व्हत्या, पोर लांब पडतंय. पर पत्रिका आशी जुळली, का जोशीबुवा म्हनला, दहा गावांत जुळायची न्हाय. मंग काय, नाझर ऐकतायत व्हय! वरीस भरलं न्हाय आन पोर बाळंतपनात गेली. काकूंनी सांगावा ऐकला, आन म्हनल्या, आता माझं तुमच्याशी बोलनं सपलं. तवापासून ह्ये आसं."

तवापासून म्हणजे कित्येक वर्षं. मी तिथे गेलो तेव्हा अबोल्यातली धार गेली होती आणि सवय उरली होती. काकू त्यांना वेळेवर जेवायला वाढत, त्यांचं धोतर धुऊन दांडीवर घालत, त्यांच्या पथ्याची नाचणीची भाकरी थापत. फक्त त्यांच्याकडे बघत नसत. नाझर घरभर वावरत, पण माजघराचा उंबरा ओलांडत नसत. काकूंची चीड मला समजत होती. नाझरांची मला कीव यायची. दोन्ही एकाच वेळी वाटत असल्यामुळे मी निरोप सांगताना आवाजात चढउतार आणत नसे.

तर डॉक्टरांनी पोहायला सांगितलं त्या दिवशी अलिबागेहून परत आल्यावर नाझरांनी ओटीवर पगडी उतरवून ठेवली आणि मला म्हणाले, "मास्तर, आत सांगा, मी उद्यापासून देवळाच्या तळ्यात पोहणार."

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. "बाहेर सांगा, पत्रिकेत जलघात आहे."

नाझरांनी पगडीवरची धूळ झटकली. मग म्हणाले, "आत सांगा, पत्रिकांवरचा माझा विश्वास कधी उडाला ते तिला ठाऊक आहे."

हा एक निरोप मी पोचवला नाही. तशी गरजही नव्हती. त्या दिवशी आम्ही सगळेच लवकर निजलो.

सकाळी उठून पाहतो तो ओटीवर दोन असोले नारळ, म्हणजे सोडणासकट, काथ्याच्या दोरीने एकमेकांना बांधून ठेवलेले. त्या भागात पोरांना पोहायला शिकवायची हीच रीत. सुकलेल्या नारळांची जोडी पाठीला बांधायची आणि पोराला पाण्यात ढकलायचं. नारळ माणसाला बुडू देत नाही. पोहायला आलं की ते नारळ सोडायचे, देवळाच्या पायरीवर फोडायचे आणि काठावर जो कोणी असेल त्याला खोबरं वाटायचं. म्हणजे अमक्याचा पोर तरला हे गावाला कळतं.

नाझरांनी नारळ पाहिले. काकू माजघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, भिंतीकडे बघत. नाझर पुढे झाले. अंगरखा काढला, कासोटा घट्ट केला आणि दाराकडे पाठ करून उभे राहिले. काकू पुढे आल्या, नारळ उचलले आणि त्यांच्या कमरेभोवती दोरी फिरवून पोटावर गाठ मारली. साधी निरगाठ. ती मारताना त्यांना दोन्ही हात पुढे आणावे लागले. नाझरांचं पोट एवढं होतं की ते काम काही झटकन होणारं नव्हतं.

मी दात घासत होतो. घासतच राहिलो.

पन्नाशी उलटलेला माणूस पोहायला शिकतो तेव्हा तळ्याचं पाणी कसं दिसतं ते मी पाहिलं आहे. पहिले कित्येक दिवस नाझर पाण्यात नव्हतेच, पाणीच नाझरांच्या अंगावर येत होतं. पायऱ्यांवर धुणं धुणाऱ्या बायका पदर तोंडात कोंबून हसत. गुरव देवळातून ओरडे, "नाझरसायेब, हात जरा हलू मारा, देवाच्या उंबऱ्याला पानी लागतंय!" नाझर नाकातोंडातलं पाणी काढून त्याला म्हणत, "लेखी अर्ज कर."

पण माणूस चिवट. त्यांनी पोहण्याचंही एक कायदेशास्त्र केलं. मला ते काठावर बसवून शिकवत, मी पाण्यात उतरणार नाही हे माहीत असूनसुद्धा. "मास्तर, पाण्याचा कब्जा घ्यायचा नाही. कब्जेदार बुडतो. पाण्यातून नुसती वहिवाट ठेवायची, येण्याजाण्यापुरती." आणि खरोखर, पुढच्या पावसाळ्यात तळं तुडुंब भरलं तोवर त्यांची वहिवाट या काठापासून त्या काठापर्यंत सुरू झाली होती. देवळाच्या पायरीपासून समोरच्या वडापर्यंत जायचं, वडाच्या मुळीला हात लावायचा, परत यायचं. पुन्हा जायचं. कोणाला कुठे पोचायचं नव्हतं. त्या गावाने असं पोहणं कधी पाहिलं नव्हतं. पोरं तळ्यात उड्या मारत, म्हातारे बुड्या मारून पुण्य जोडत, कोळी जाळ्यासाठी पोहत. पण हा गृहस्थ रोज सकाळी न चुकता नुसत्या येरझाऱ्या घालत होता.

गावातल्या काही कर्मठ मंडळींनी कुरकुर केली. देवाचं तळं स्नानासाठी आहे, तालीमखाना नव्हे. नाझर त्यांच्यापुढे ओल्या अंगाने उभे राहिले. म्हणाले, "स्नान किती लांब असावं याला शास्त्राधार दाखवा. मी तिथवर जाऊन थांबेन." शास्त्राधार कोणी दाखवला नाही. स्नान लांबत गेलं.

फेऱ्या मोजायची त्यांची रीत मात्र कोर्टातली होती. एक फेरी झाली की काठाला हात लावून ते खणखणीत आवाजात म्हणत, "एऽक वार!" दुसरी झाली की "दोऽन वार!" आणि "तीऽन वार" झालं की मोजणी संपे आणि पुन्हा एकपासून सुरू होई. मी विचारलं, मग एकूण किती झाल्या ते कळणार कसं? ते म्हणाले, "तीन वार झाले की हातोडा पडला. त्यापुढे नवा लिलाव. जन्मभर असंच केलं, आता हिशोब कशाला बदलू?" एकदा रेवदंड्याकडे निघालेला कोणी व्यापारी हाक ऐकून तळ्याकाठी थांबला आणि विचारू लागला, कशाचा लिलाव चाललाय? "माझ्या चरबीचा," नाझर पाण्यातून म्हणाले, "पण बोली लावायला कोणी पुढे येत नाही."

चरबी मात्र उतरत होती. धोतराची निरी वाढत गेली. मोरीतल्या मुंग्या एक दिवस आल्या तशा निघून गेल्या. डॉक्टरांनी पाठ थोपटली. पाठीवर नारळांचे वळ होते ते पाहून विचारलं, हे काय? नाझर म्हणाले, "जामीन."

तळ्यावरून परत आल्यावर काकू परसदारी उभ्या असत. नाझर पुन्हा पाठ करून उभे राहत आणि काकू गाठ कुशीवर ओढून घेऊन नारळ सोडत. भिजलेल्या काथ्याची निरगाठ सहजी सुटत नाही. नखांनी, कधी सुईच्या टोकाने, एकेक पीळ उकलावा लागतो. तेवढा वेळ ती दोघं तिथे उभी असत. वरून पोफळीची झावळी हाले आणि नाझरांच्या अंगावरून पाणी ठिबकत राही. मी चहाची वाट पाहत ओटीवर बसलेलो असे. चहा त्यानंतर मिळायचा.

आणखी एक सांगायला हवं. नाझरांना गाठीचं वेड होतं. कोर्टात दप्तरं लाल फडक्यात बांधून ठेवतात, तिथली एक ठराविक गाठ असते. एक टोक ओढलं की आवळते, दुसरं ओढलं की एका क्षणात सुटते. घरातली एकूण एक वस्तू ते तशी बांधत. लोणच्याच्या बरणीचा दादरा, छत्री, मच्छरदाणी, वासराचं दावं. वासरू हुशार होतं. त्याने दुसरं टोक कोणतं ते शोधून काढलं आणि आठवड्यातून दोनदा ते पोफळीच्या वाडीत सापडत असे.

नाझरांना पोहायला यायला लागून बरेच महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. ते तळ्याच्या ऐन मध्यावर होते आणि काथ्या तुटला. जुनी झालेली दोरी, पाण्याने कुजलेली. नारळ सुटून एकीकडे तरंगत गेले. मी पायरीवर ताडकन उभा राहिलो. ओरडणार होतो, पण कोणाला? बायका अजून धुणं घेऊन आल्या नव्हत्या. आणि मग मी पाहिलं, नाझर बुडत नव्हते. ते क्षणभर थांबले, पाठीला हात लावून पाहिला, आणि पोहू लागले. पाठ हलकी झाल्यामुळे की काय, त्यांची चाल एकदम सरळ आणि सुरेख झाली. वडाला हात लावून ते परत आले. "एऽक वार" म्हणायला मात्र विसरले.

मग त्यांनी काय करावं? पोहत जाऊन ते नारळ पकडले. पायरीवर आणले. तुटलेल्या दोरीची दोन टोकं घेऊन नारळ पुन्हा स्वतःच्या कमरेला बांधले, सवयीच्या हाताने.

मी म्हटलं, "नाझरसाहेब, आता प्रसाद वाटा! आलं की तुम्हाला!"

"हळू बोला." त्यांनी देवळाकडे पाहिलं. "आत कळता कामा नये."

"का?"

"कळलं तर नारळ सुटतील."

"मग बरंच की."

"मास्तर, तुमचं लग्न झालंय?"

"नाही."

"मग गप्प बसा." ते पायरीवर बसले. थोड्या वेळाने त्यांनीच पुन्हा तोंड उघडलं, माझ्याकडे न बघता. "बांधायला येते आणि सोडायला येते. तेवढा वेळ ती माझ्याजवळ उभी असते. बाकी सगळा दिवस मी बाहेर. हे नारळ गेले तर माझ्याकडे काय राहिलं?"

एवढं उघड बोलणं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी त्यांचा पंचा पिळून दिला.

घरी आलो. परसदारी काकू उभ्या होत्या. नाझरांनी पाठ केली. काकूंनी गाठीला हात लावला आणि त्या दिवशी ती एका ओढीत सुटली. काकू दोरी हातात धरून जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग नारळ खुंटीला लावून आत गेल्या. त्या दिवशी चहा लवकर मिळाला आणि मला त्याचाच आनंद झाला. दुसऱ्या दिवशी नारळांना नवा काथ्या होता.

त्यानंतर वर्षांमागून वर्षं नाझर नारळ बांधून पोहत राहिले. नारळांची जोडी दरसाल आगोटीच्या, म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या, आधी बदलली जाई, माणसं तीच. गावाला हे एव्हाना पाठ झालं होतं. ज्या पोरांनी त्यांच्यानंतर नारळ बांधले त्यांचे प्रसाद वाटून झाले, त्यांना मिसरूड फुटली, तरी नाझर आपले पाठीवर ओझं घेऊन वडापर्यंत जात-येत होते. एखादं काम संपता संपत नसेल तर लोक म्हणू लागले, "हा नाझरांचा नारळ आहे." देवळाचा सभामंडप, तालुक्याचा रस्ता, गुरवाच्या मुलाचं लग्न, सगळे नाझरांचे नारळ.

एका उत्सवाला मुंबईत शिकणारा एक सावकारपुत्र गावी आला. तो तिथे कुठल्याशा पोहण्याच्या हौदावर जात असे. अंगाला चिकटलेला काळा पोशाख घालून तो तळ्यात उतरला आणि माशासारखा सुळकन या काठाचा त्या काठाला गेला. काठावर गर्दी होती. त्याने नाझरांना पाहिलं आणि हाक मारली, "काका, नारळ काढा आणि या! एक फेरी होऊन जाऊ दे. मला हरवलंत तर प्रसादाचा खर्च माझा!"

लोक हसले. मला राग आला. मला ठाऊक होतं ना. वाटलं, एकदाच काढून फेकावेत नारळ आणि दाखवावं. हरले असते, पण पोहले असते. नाझरांनी नारळांवरून हात फिरवला. म्हणाले, "पूजा चालू असताना प्रसाद मागू नये, बाळ." आणि सावकाश पाण्यात उतरून आपली एऽक वार करायला निघून गेले.

ही बातमी आमच्या आधी घरी पोचली होती.

"बाहेर सांगा," माजघरातून आवाज आला, "लोक हसतात म्हणे."

"आत सांगा, हसू देत."

मी सांगितलं. आत भाकरी थापायचा आवाज थांबला. मग, "बाहेर सांगा, नवी जोडी सुकवून ठेवली आहे."

मी तेही सांगितलं. नाझर "बरं" म्हणाले आणि जपमाळ ओढत बसले. माळ उलटी धरली होती.

पुढच्या हिवाळ्यात काकू आजारी पडल्या. विषमज्वर. ताप उतरायचं नाव घेईना. शेजारची एक बाई येऊन पेज करून जाई. नाझर ओटीवर बसून असत. उंबऱ्यापर्यंत जात आणि परत येत. तळ्यावर जाणं बंद झालं. गुरव येऊन म्हणाला, "नाझरसायेब, तळं कसं मुकं झालंया."

नारळ खुंटीवर लटकत होते. मी म्हटलं, मी बांधून देतो. नाझर म्हणाले, "तुमची गाठ घाटावरची. पाण्यात टिकायची नाही." हे त्यांनी थट्टेत म्हटलं, पण चेहऱ्यावर थट्टा नव्हती. काही दिवसांत त्यांच्या पायाला सूज दिसू लागली. आणि एका सकाळी मोरीत पाहिलं तर मुंग्यांची रांग परत आली होती. डॉक्टर काकूंना बघायला आले तेव्हा नाझरांना बघून चिडले. म्हणाले, घरात दोन रोगी करून ठेवणार आहात का? व्यायाम सोडलात तर मी जबाबदार नाही. ते हे ओटीवर बोलले, आणि माजघराचं दार काही लांब नव्हतं.

डॉक्टर गेले. मी शाळेत जायच्या तयारीत होतो. आतून बारीक आवाज आला.

"मास्तर... बाहेर सांगा, तळ्यावर जा म्हणावं."

"आत सांगा," नाझर म्हणाले, "नारळ बांधायला कोणी नाही."

मी दाराकडे तोंड केलं. सांगायला सुरुवातही केली. आणि मध्येच आतून आवाज आला.

"अहो."

मी गप्प झालो. तो शब्द माझ्यासाठी नव्हता. बायका नवऱ्याला रोज शंभरदा हाक मारतात ती ही हाक, आणि त्या घरात ती मी कधी ऐकली नव्हती. नाझर उठले. त्यांनी उंबरा ओलांडला. मी जिथे उभा होतो तिथून खाट दिसत होती.

"जा तळ्यावर," काकू त्यांना म्हणाल्या. सरळ त्यांना. "येतं तुम्हाला. मला ठाऊक आहे."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? दोरी तुटली होती त्या दिवशी तुम्ही दप्तराची गाठ मारून आलात. या घरात ती गाठ दुसरं कोण मारतं?"

म्हणजे इतकी वर्षं त्यांनाही ठाऊक होतं. ठाऊक असून त्या रोज सकाळी निरगाठ मारत होत्या आणि रोज नखांनी सोडवत होत्या.

नाझर खाटेपाशी उभे राहिले. काय करावं ते त्यांना कळेना. मग त्यांनी जे त्यांना येत होतं ते केलं. काकूंकडे पाठ केली आणि उभे राहिले, रोज राहत तसे. आणि तसेच, भिंतीकडे बघत, म्हणाले, "माझं चुकलं. मनूच्या बाबतीत माझं चुकलं. तू सांगत होतीस."

पांघरुणातून काकूंचा हात बाहेर आला आणि नाझरांच्या पाठीवर, जिथे नारळांचे जुने वळ होते तिथे, टेकला. बराच वेळ तो तिथेच होता.

"नारळ राहू देत खुंटीला," त्या शेवटी म्हणाल्या. "माझ्या हाताला जोर आला की बांधीन. जा आता. ऊन होईल."

नाझर गेले. मी शाळेला उशीर करून त्यांच्या मागे गेलो. मोकळ्या पाठीने ते पाण्यात उतरले आणि वडाकडे निघाले. गुरव देवळातून धावत बाहेर आला. पायऱ्यांवरच्या बायकांनी धुणं थांबवलं. वडाला हात लावून नाझर परत आले तेव्हा गुरवाने दोन्ही हात उंच केले. "आलं की! नाझरसायेब, आता तरी परसाद!"

"इतक्यात नाही," नाझर म्हणाले. त्यांचे डोळे लाल झाले होते. तळ्याच्या पाण्याने होतात कधी कधी. "एऽक वार!"

काकू उठल्या, पण हाताला जोर यायला उन्हाळा लागला. दोघं बोलू लागली होती, आणि इतक्या वर्षांचं साठलेलं असल्यामुळे बहुतेक भांडतच असत. मनूचं नावही आता त्या घरात ऐकू येई. एखाद वेळी मला वाटायचं, अबोला होता तेव्हा झोप तरी लागायची.

मी बदलून गेलो त्या सकाळी सामान ओटीवर काढून ठेवलं होतं, बैलगाडी दारात उभी होती. आत निरोप घ्यायला वळलो. नाझर दाराकडे पाठ करून उभे होते आणि काकू त्यांच्या पाठीला नारळ बांधत होत्या.

"घट्ट बांध हो. मागच्या खेपेला सैल होती."

"सैल होती का? मग सुटली कशी नाही?"

"सुटली असती."

"सुटली असती तरी काय बुडणार होतात?"

मी ओटीवर थांबलो. सवयीने वाट पाहत होतो, कोणी तरी म्हणेल, मास्तर, आत सांगा, नाही तर मास्तर, बाहेर सांगा. गाडीवानाने दोनदा हाक मारली. ती गाठ अजून चालूच होती, आणि माझ्याकडे द्यायला निरोप कोणाकडेच नव्हता.